पोटऱ्या दुखतात का, हे कोणी विचारलं?

भातलावणी सुरू झाली की पंधरवड्यात आमच्या मेडिसिन वॉर्डात तापाचे पेशंट दिसायला लागतात, कोकणात राहणाऱ्या कोणालाच हे नवीन नाही. दिवसभर गुडघाभर चिखलात वाकून तरवा लावलेली माणसं, टाचांना भेगा, बोटांच्या बेचक्यात चिखल्या झालेल्या, आणि त्याच पाण्यात उंदरांचं, गुराढोरांचं मूत मिसळलेलं. लेप्टोचा, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या आजाराचा जंतू तिथून कातडीच्या भेगेतून आत शिरतो. मग ताप, अंगदुखी, डोळे लाल आणि पोटऱ्या अशा दुखतात की हात लावला तरी माणूस ओरडतो. बहुतेक जण वेळेवर औषध मिळालं की बरे होतात. पण काही जणांना चार-पाच दिवसांत कावीळ होते, लघवी कमी होते, किडनी बंद पडते, फुप्फुसात रक्तस्राव होतो, आणि मग कितीही धावपळ केली तरी माणूस हाताला लागेलच असं नाही.

मी फायनल इयरला आहे, मूळची सिंधुदुर्गातलीच, त्यामुळे वॉर्डात मालवणी बोलणारी म्हणून मला हिस्ट्री घ्यायला, म्हणजे पेशंटकडून आजाराची सगळी हकीकत विचारून घ्यायला, पुढे करतात. हिस्ट्री घ्यायला मला मनापासून आवडतं, कारण पेशंट आमच्यापर्यंत पोचायच्या आधी कुठे कुठे गेला होता हे फक्त तिथेच कळतं, केस पेपरवर ते कधीच नसतं.

गेल्या पावसाळ्यात एक काका आले होते. डोळे पिवळेजर्द आणि त्या पिवळ्यातही लाली, दोन दिवस लघवी जवळजवळ नाही. रिपोर्ट आले त्यात बिलिरुबिन, म्हणजे काविळीचा पिवळा रंग, भरपूर वाढलेलं पण लिव्हरच्या पेशींना मार बसला की वाढतं ते एसजीपीटी जेमतेम वाढलेलं, आणि किडनी बिघडली की वाढणारं क्रिएटिनिन भलतंच वर. इथे जरा थांबून सांगते कारण मला स्वतःला हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा फार भारी वाटलं होतं. साधी कावीळ, म्हणजे हिपॅटायटिस ए किंवा ई, ज्यात लिव्हरच्या पेशी मरतात, त्यात एसजीपीटी हजारांत जाऊ शकतं. लेप्टोत डोळे तेवढेच पिवळे दिसतात पण एसजीपीटी त्या मानाने फारसं वाढत नाही, आणि किडनी मात्र बिघडलेली असते. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही माणसं सारखीच पिवळी. एकाला विश्रांती दिली तर बहुधा तो आपोआप बरा होणार आहे, दुसऱ्याला डायलिसिस लागणार आहे.

काकांना आधी गावाकडे एका ठिकाणी नेऊन कावीळ उतरवून आणली होती. दोन दिवस त्यात गेले. हे कळल्यावर ड्युटीवरचा रेसिडेंट काकींवर जाम ओरडला, शिकलेली मुलं आहेत ना घरात, वगैरे. काकी कोपऱ्यात उभ्या राहून पदराने तोंड पुसत होत्या. नंतर मी हिस्ट्री पूर्ण करायला बसले तेव्हा मला म्हणाल्या, "बाय, आमचा चुकला काय? ते दोन दिस फुकट गेले काय?" मी विचारलं त्याच्याही आधी कुठे दाखवलं होतं का, तर म्हणाल्या होय तर, ताप इलो त्या दिवशीच दाखवलंला. एका दवाखान्यात. तिथे एक इंजेक्शन, एक सलाईन आणि तीन रंगांच्या गोळ्या मिळाल्या, दुसऱ्या दिवशी परत बोलावून परत सलाईन. शेतात गेला होता का, पायाला जखम आहे का, पोटऱ्या दुखतात का, हे कोणी विचारलं नव्हतं.

म्हणजे डॉक्टरकडे दोन दिवस गेले आणि काविळवाल्याकडे दोन दिवस गेले. ओरडा मात्र फक्त दुसऱ्या दोन दिवसांसाठी मिळाला. माझा राग त्या दिवसापासून जो आहे तो या गोष्टीवर आहे, आणि हा लेख त्यासाठीच लिहितेय.

मी संशयी आहे, लहानपणापासून. घरी आजी दृष्ट काढायची तेव्हा मी मिरच्यांचा ठसका का येत नाही याची कारणं शोधायचे. मेडिकलला आल्यावर वाटलं होतं की आता आपण अशा जागी आलो जिथे प्रत्येक गोष्टीला पुरावा असेल, आणि बाहेरच्या अंधश्रद्धेविरुद्ध लढायचं एवढंच काम उरेल. तसं नाहीये. संशय घ्यायचाच असेल तर दोन्हीकडे सारखाच घ्यायला लागतो, आणि खरं सांगायचं तर आधी स्वतःच्या वॉर्डात घ्यायला लागतो.

काविळीच्या औषधाचंच घ्या. आमच्याकडे नाकात रस पिळतात, झाडपाला दुधातून देतात, काही ठिकाणी हाताला कसलासा रस चोळून चुन्याच्या निवळीत हात धुवायला लावतात आणि पाणी पिवळं होतं, ते दाखवून सांगतात की बघा, कावीळ उतरली. हे मी हॉस्टेलवर करून बघितलंय. आंब्याच्या अंतरसालीचा रस काढला, माझ्या आणि रूममेटच्या हाताला चोळला, चुन्याच्या निवळीत धुतला. पाणी पिवळट झालं. आम्ही दोघी ठणठणीत. सालीतला रस आणि चुना एकत्र आले की तो रंग येतो, कावीळ असो वा नसो. अंधश्रद्धा निर्मूलनवाले कार्यकर्ते हे प्रयोग गावोगाव करून दाखवतात, मी फक्त स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं म्हणून केलं.

पण मग इतक्या लोकांचा अनुभव खोटा का? खोटा नाहीच मुळी. हिपॅटायटिस ए झालेली बहुतेक माणसं काही आठवड्यांत आपली आपण बरी होतात. त्यांना पाला द्या, पेढा द्या, काहीच देऊ नका, ती बरी होणार. म्हणून काविळवाल्याकडे गेलेल्या दहांपैकी बहुतेक जण खरंच बरे होतात आणि खरंच मनापासून सांगतात की मला गुण आला. जो बरा होत नाही तो आमच्याकडे येतो नाहीतर मरतो, आणि दोन्ही बाबतीत तो सांगायला परत त्या गावी जात नाही. सापाचंही तेच. आपल्याकडचे बरेचसे साप बिनविषारी, आणि विषारी साप चावला तरी दरवेळी विष टोचतोच असं नाही, त्यामुळे मंत्र घालणाऱ्याकडे गेलेले पुष्कळ जण चालत घरी जातात. लबाडी न करताही माणूस आयुष्यभर स्वतःला बरं करणारा समजू शकतो. ही गोष्ट एकदा नीट कळली ना, की मग झोप उडते, कारण हेच आपल्याही बाबतीत होत असणार.

होतंच आहे. सर्दी-खोकल्याच्या व्हायरल तापाला अँटिबायोटिक देतो, पाच दिवसांत ताप जातो, पेशंट म्हणतो डॉक्टरांच्या हाताला गुण आहे. तो तसाही जाणारच होता. यात आणि काविळीच्या पाल्यात मला तत्त्व म्हणून काहीच फरक दिसत नाही, उलट पाल्याने निदान जंतू औषधाला दाद न देणारे तरी होत नाहीत. ताप आला की विडाल ही टायफॉइडची रक्ताची टेस्ट पाठवायची आणि जरा टायटर, म्हणजे अँटिबॉडीचं प्रमाण, वाढलेला दिसला की टायफॉइड म्हणून मोकळं व्हायचं. ही टेस्ट 1896 सालची आहे, आपल्यासारख्या देशात जिथे टायफॉइडचा जंतू पूर्वी कधीतरी अंगावरून गेलेला असतो तिथे एकट्या विडालवर निदान करू नये हे आमच्याच पुस्तकात छापलंय, परीक्षेत लिहिलं नाही तर मार्क जातात, आणि तरी बाहेर पडलं की गावोगाव 'टायफॉइड निघाला'. लेप्टोच्या किती पेशंटच्या हातात आधी टायफॉइडचा कागद असतो ते पावसाळ्यात येऊन बघा. आणि उलट बाजूही आहे, लेप्टोची आयजीएम ही अँटिबॉडी शोधणारी टेस्ट पहिल्या काही दिवसांत निगेटिव्ह येऊ शकते कारण अँटिबॉडी तयार व्हायलाच आठवडाभर लागतो, तर तिसऱ्या दिवशीचा निगेटिव्ह रिपोर्ट दाखवून 'लेप्टो नाही' म्हणणं हेही तितकंच चूक. अशा वेळी कागद बाजूला ठेवून पोटरी दाबून बघायची असते.

आणि सलाईन. सलाईनबद्दल कोकणात कुणाशी वाद घालणं म्हणजे घरातलीच भांडणं. माझे सख्खे काका अशक्तपणा वाटला की 'ताकदीची बाटली' लावून येतात. डीएनएस या नेहमीच्या सलाईनच्या 500 मिलीच्या बाटलीत 25 ग्रॅम ग्लुकोज असतं आणि साडेचार ग्रॅम मीठ, बाकी पाणी. 100 कॅलरी. जो माणूस तोंडाने खाऊ-पिऊ शकतो त्याला यातून जे मिळतं तेवढी ताकद वाडगाभर पेजेतही आहे. पेजेचं मी उगाच नाही म्हणत. जुलाबात साखर-मिठाचं पाणी तोंडाने देऊन माणसं वाचतात हे 1971 साली बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनोबिस यांनी दाखवून दिलं, सलाईनच्या बाटल्या संपल्या होत्या आणि कॉलऱ्याने माणसं पटापट मरत होती, तेव्हा मृत्यूचं प्रमाण 30 टक्क्यांच्या आसपासवरून 4 टक्क्यांच्या खाली आलं. पुढे तांदळाचं पीठ वापरून केलेल्या ओआरएसची चाचणी झाली तेव्हा कॉलऱ्यात तर ते साखरेच्या ओआरएसपेक्षाही सरस ठरलं. आजी जुलाबात मीठ घालून पातळ पेज द्यायची. आजीची दृष्ट चाचणीत टिकत नाही, आजीची पेज टिकते. मला दोन्ही सांगायला सारखाच आनंद होतो.

काविळीत तेल-हळद बंद करायला लावणारे डॉक्टर मात्र अजून आहेत. रंग पिवळा म्हणून हळद नको, हे कुठल्या पॅथीत बसतं?

राऊंडला असे प्रश्न विचारले की काय होतं हे प्रत्येक मेडिकल स्टुडंटला माहितीये. बेडभोवती सगळे उतरंडीने उभे, पुढे सर, मग लेक्चरर, रेसिडेंट, इंटर्न आणि सगळ्यात मागे भिंतीला टेकून आम्ही. मी एकदा विचारलं की या पेशंटला पॅन्टोप्राझोल ही अॅसिडिटीची गोळी कशासाठी चालू आहे, त्यांना अॅसिडिटी नाही, अल्सर नाही, रक्त पातळ करायचं औषध नाही. उत्तर आलं, सगळ्यांना चालू असतं. मी परत विचारलं नाही, पण समाधानही झालं नाही. आमच्या एक मॅडम आहेत, त्या वेगळ्या. त्यांना विचारलं की त्या म्हणतात, आज वाच आणि उद्या राऊंडला तूच आम्हाला सांग. अशाच एका संध्याकाळी मी कास्ट ट्रायल वाचली. हार्ट अटॅकनंतर हृदयाचे जादा ठोके पडतात, तसे पडणाऱ्यांत मृत्यू जास्त, म्हणून ते ठोके दाबणारी औषधं द्यायची पद्धत होती. औषधाने ठोके दबायचे, ईसीजी सुंदर दिसायचा, डॉक्टर खूश, पेशंट खूश. 1989 साली तपासून बघितलं तेव्हा कळलं की एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड घेणारे लोक औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांपेक्षा जास्त संख्येने मरत होते. पिवळं पाणी बघून कावीळ उतरली म्हणणं आणि ईसीजी बघून माणूस वाचला म्हणणं, यात फरक एवढाच पडला की दुसऱ्या बाजूला कोणीतरी मोजायला बसलं आणि आलेला निकाल लपवला नाही.

मोजायला बसणारा माणूस आपल्या कोकणातही होऊन गेला, खरं तर अजून आहे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर. सत्तरच्या दशकात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात असताना लाल विंचू चावून तरणीताठी माणसं, लहान मुलं मरायची. घाम, उलट्या, हातपाय गार, मग फुप्फुसात पाणी आणि खेळ खलास. बावस्कर पेशंटच्या उशाशी बसून तासातासाला काय होतंय ते लिहून ठेवत गेले. विंचवाच्या विषाने अॅड्रेनलिनसारखी रसायनं रक्तात धो धो येतात, रक्तवाहिन्या आवळतात आणि हृदय दमतं हे लक्षात घेऊन त्यांनी प्राझोसिन ही ब्लडप्रेशरची साधी स्वस्त गोळी वापरली आणि मृत्यू झपाट्याने कमी झाले. विंचवाच्या दंशाच्या लक्षणांचं त्यांचं निरीक्षण 1982 सालीच लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं होतं. एवढं तर बऱ्याच जणांना माहीत असतं. मला जास्त भिडतो तो 2011 चा भाग, ज्यांनी प्राझोसिनवर नाव कमावलं त्यांनीच विंचवाच्या विषावर उतारा म्हणून टोचायची प्रतिलस आल्यावर 70 पेशंटवर चाचणी घेतली, निम्म्यांना नुसतं प्राझोसिन, निम्म्यांना प्राझोसिन आणि प्रतिलस. 10 तासांत पूर्ण बरे झालेले नुसत्या प्राझोसिनच्या 35 मधले 8 आणि दोन्ही दिलेल्या 35 मधले 32. आणि त्यांनी ते बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात छापलं. स्वतःच्या औषधापेक्षा चांगलं काहीतरी आहे हे स्वतःच मोजून जगाला सांगायचं. मला डॉक्टर म्हणून जे काही व्हायचंय ते असं व्हायचंय.

सर्पदंशाच्या पेशंटला हात लावायची पहिली संधी मला कॅज्युअल्टीत मिळाली, फुरसं हा विषारी साप चावलेला पोरगा, आंब्याच्या बागेत गवत काढताना चावलं. फुरशाच्या विषाने रक्त गोठायची ताकद जाते. ते ओळखायची टेस्ट इतकी साधी आहे की मला अजून नवल वाटतं: कोरड्या स्वच्छ काचेच्या नळीत दोन मिली रक्त घ्यायचं, 20 मिनिटं हात न लावता उभं ठेवायचं, मग एकदा कलती करायची. गोठलं असेल तर ठीक, पाण्यासारखं वाहिलं तर प्रतिलस सुरू. नळी काचेचीच हवी कारण काचेच्या स्पर्शाने रक्त गोठायची क्रिया चालू होते, प्लास्टिकच्या नळीत धडधाकट माणसाचं रक्तही पातळ राहू शकतं. साबणाने धुतलेली नळीही चालत नाही. सिस्टरनी नवीन नळी काढून दिली, मी घड्याळ लावून बसले. मुलाचे वडील बाजूला देवाला गाऱ्हाणं घालत होते, रवळनाथाला, गावच्या बारा पाचाच्या देवांना, अगदी खालच्या आवाजात. मी नळीकडे बघत होते. नळी कलती केली, रक्त धारेने सरकलं. प्रतिलस लागली.

त्या वडिलांना 'हे काय करताय' असं म्हणावंसं मला एकदाही वाटलं नाही. ते मुलाला थेट आमच्याकडे घेऊन आले होते, वाटेत कुठेही न थांबता. गाऱ्हाण्याने उशीर झाला नाही. माझा आक्षेप फक्त उशिराला आहे. ऑपरेशनच्या आधी देवाचा कौल घ्यायचा म्हणून नातेवाईक दोन दिवस मागतात तेव्हा मी विचारते की ऑपरेशन दोन दिवस थांबू शकतं का, थांबू शकत असेल तर घेऊ दे कौल. पोटात आतडं पिळलेलं असेल तर मात्र मी हात जोडून, भांडून, काय वाटेल ते करून थांबवते. कायदाही हेच बघतो. डॉ. नरेंद्र दाभोलकर, जे स्वतः एमबीबीएस होते, त्यांचा 2013 च्या ऑगस्टमध्ये खून झाला आणि त्यानंतर आलेल्या जादूटोणाविरोधी कायद्यात साप, विंचू, कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा गुन्हा आहे. घरी बसून प्रार्थना करणं हा गुन्हा नाही. तो कायदा मी वाचला तेव्हा हा फरक किती विचार करून केलाय ते कळलं.

काकांचं डायलिसिस झालं, लघवी परत सुरू झाली, ते घरी गेले. लेप्टोत किडनी बऱ्याचदा पूर्ण सुधारते, माणूस त्या काळातून तरून गेला पाहिजे फक्त. जाताना मी काकींना म्हटलं की दोन दिवस तिकडे गेले हे खरं, पण त्याच्या आधीचे दोन दिवस आमच्यातल्याच कोणाकडे गेले, ते तुमच्या माथी मारून घेऊ नका. त्यांना ते कितपत पटलं माहीत नाही.

आता आमच्या अभ्यासक्रमात कुटुंब दत्तक योजना आहे, पहिल्या वर्षापासून प्रत्येकाला गावातली काही घरं नेमून देतात, अधूनमधून जाऊन त्यांची तब्येत बघायची. माझ्या वाडीत काविळीचं औषध देणारे एक आजोबा राहतात. पैसे घेत नाहीत, नारळ ठेवा म्हणतात. पुष्कळ दिवस मी त्यांच्या घरावरून नुसतीच जायचे. या जूनमध्ये मुद्दाम गेले. त्यांच्याशी औषध खरं की खोटं यावर वाद घातला नाही. म्हटलं, तुमच्याकडे पिवळा माणूस आला की एवढंच विचारा: ताप आहे का, शेतात उतरला होता का, पोटऱ्या दुखतात का, लघवी कमी झालीय का, डोळ्यात लाली आहे का. यातलं काही असेल तर तुमचं औषध न देता त्याच दिवशी आमच्याकडे पाठवा. आणि पोटुशी बाई पिवळी दिसली तर काही न विचारताच पाठवा, कारण हिपॅटायटिस ई शेवटच्या महिन्यांत आईचा जीव घेऊ शकतो.

त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं, दोन प्रश्न विचारले, दोन्ही चांगले होते. ताप उतरल्यावर कावीळ दिसली तर? म्हटलं, तरी पाठवा. मुलांचं काय? म्हटलं, गुंगीत असेल, बरळत असेल, रक्ताची उलटी झाली असेल तर लगेच. मी हे सगळं मोठ्या अक्षरात कागदावर लिहून दिलं. कागद हातात धरून ते म्हणाले, "बाय, मी धाडलेलो माणूस थंय मेलो तर लोक माका विचारतले. तेंका मी काय सांगू?"

मी म्हटलं, "आजोबानू, तसा झाला तर मी सोता हंय येतलंय आणि कसो मेलो, आमचा काय चुकला असात तर ता पण, सगळ्यांसमोर सांगतलंय."

"मगे ता पण हेच्यावर लिवन दी," ते म्हणाले. "आणि खाली सही कर."

मी लिहिलं, तारीख घातली आणि सही केली.